मोरचूद विसरलेली खळ

कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागली की माझ्या बरोबरीचे वकील लेकीसुनांकडे पुण्याला जातात. मी नांदेडच्या घरात पडदे ओढून बसते आणि चिडचिड करते. कारण माहीत नाही असं नाही, सांगायला लाज वाटते एवढंच. दुपारी शेजारच्या घरी कुरडयांचा चीक शिजायला लागतो, त्या शिजल्या पिठाचा वास खिडकीतून आत येतो आणि मी हातातलं काम टाकून तीस-बत्तीस वर्षं मागं जाते, बिलोलीला, साहेबांच्या परसात. तिथं एका उन्हाळ्यात आम्ही दोघींनी देशाची राज्यघटना चिकटवली होती.

चिकटवली म्हणजे खरोखरच खळीनं चिकटवली. साहेब बिलोलीतले जुने वकील. शाळा निजामाच्या काळात उर्दूतून झालेली, वकिली मराठीतून चाललेली, आणि राग आला की तो दोन्ही भाषांतून यायचा. त्यांच्याकडे राज्यघटनेची मराठीत उतरवलेली एक जाड प्रत होती. घटनेत दुरुस्ती झाली की बाकीचे वकील नवं पुस्तक घेत. साहेब घेत नसत. "नवं घेतलं की आधी काय होतं ते कोणाच्या ध्यानात राहतंय?" म्हणायचे. दुरुस्त्या पातळ कागदावर उतरवायच्या, कापायच्या आणि सुट्टीत जागच्या जागी डकवायच्या, हा त्यांचा शिरस्ता. मी नुकतीच कायद्याची पदवी घेऊन त्यांच्या हाताखाली लागले होते. काळा कोट घालून तावातावानं बोलायची स्वप्नं बघत होते, आणि साहेबांनी पहिल्याच सुट्टीत माझ्या हातात कात्री दिली.

दुसरी होती पंचशीला. तिचे वडील कोर्टात शिपाई. ती बारावी होऊन घरी बसलेली, आणि अक्षर असं की छापलेल्यानं मान खाली घालावी. म्हणून साहेबांनी तिला उतरवून काढायच्या कामाला बोलावलं. माझ्याहून वर्षाने लहान, पण माझ्यावर दादागिरी करायची. मी शेतकरी घरातली, घरात चार गडी राबणारे, मला धड चूल पेटवता येत नव्हती. त्यावरून ती मला पुरेपूर छळायची. "वकीलताई, कायदा येतो मनं, काडी ओढता येईना व्हय?" परसातल्या चुलीवर मैद्याची खळ तीच शिजवायची. भांडं चुलीवरून खाली घेताना तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायची. निळे खडे, कुटून पूड केलेले, विषारी. ते नसेल तर खळीच्या गोडीनं कसर येते आणि कागद चाळणी करून टाकते. मोरचूद टाकली की पंचशीला हात धुऊन यायची आणि मलाही धुवायला लावायची, मी हात लावलेला नसला तरी.

चिकटवायची एक रीत होती. चिठ्ठीला फक्त वरच्या कडेला खळ लावायची, खालची बाजू मोकळी सोडायची. नवं वाचून झालं की चिठ्ठी उचलायची, खाली जुनं दिसलं पाहिजे. पहिल्या दिवशी मी सगळ्या चिठ्ठीला खळ फासली तेव्हा साहेबांनी पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. "झाकायचं, पण मिटवायचं न्हाई. उद्या कोणी विचारलं, आधी काय होतं, तर उचलून दाखवता आलं पायजे." काही पानांवर चार-चार थर होते. आणीबाणीत घातलेलं, त्यावर ते उलटवणारं, त्यावर आणखी काही. मालमत्तेच्या मूलभूत हक्कावर तर एकच शब्द होता, 'वगळले'. रस्त्यात जमीन गेलेला एखादा बागायतदार तावानं यायचा, तेव्हा साहेब त्याला ते पान दाखवायचे. तो माणूस बोटानं चिठ्ठी उचलून खालचं जुनं कलम वाचायचा, पुन्हा खाली ठेवायचा आणि चहा न पिता निघून जायचा.

सगळेच बदल चिठ्ठीनं येत नाहीत, हेही मी त्याच उन्हाळ्यात शिकले. काही वेळा शब्द तसाच राहतो आणि वरचं कोर्ट त्याचा अर्थ वाढवतं. असं झालं की साहेब समासात पेन्सिलीनं लिहायचे. जगण्याच्या हक्काचं कलम ओळ-दीड ओळीचं. त्याचा एक शब्द हललेला नव्हता, पण शेजारचा समास भरून गेला होता. जगणं म्हणजे पोट भरणं, जगणं म्हणजे अब्रूनं राहणं. पुढं ते पुस्तक माझ्याकडं आल्यावर मीही त्या समासात भर घातली, स्वच्छ पाणी असं लिहिलं. त्यानंतर लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा मी ते पान उघडून बसले होते. माझीच पेन्सिल, माझंच अक्षर, आणि टीव्हीवर घागरींची रांग. पुस्तक इतक्या लवकर शहाणं होतं आणि आम्ही मेले तिथंच, याचा जो संताप होतो तो कुणावर काढावा हे मला अजून कळलेलं नाही.

त्या वर्षी पंचायतीची दुरुस्ती आली होती. ती चिठ्ठीएवढी नव्हतीच, चांगली पाच-सहा पानं होती. एवढं लावायचं कुठं म्हणून मी पुस्तक चाळत होते, तर साहेबांनी नवव्या भागाचं पान उघडलं. तिथं 'निरसित', म्हणजे रद्द, एवढं एका ओळीत लिहिलेलं, बाकी पान कोरं. छप्पन साली राज्यांची फेरमांडणी झाली, मराठवाडा हैदराबादेतून निघाला, तेव्हाच या भागातलं जुनं बिऱ्हाड उठलं, ही खोली तेव्हापासून रिकामीच पडलीय, असं त्यांनी सांगितलं. पंचशीला खळीचं भांडं ढवळायची थांबली. "छप्पन सालीच आमच्या आज्यानं दीक्षा घेतली," ती म्हणाली. "त्यानं बी जुनं घर सोडलं ते त्याच साली." साहेब म्हणाले, "मग बस की इथं. तूच लिही हे."

तिनं तीन दिवस लिहिलं. लिहिताना मोठ्यानं वाचायची, सूर लावून. सरपंचाची पदं स्त्रियांसाठी राखीव ठेवायची, एक-तृतीयांशाहून कमी नाही, इथं येऊन ती अडली.

"साहेब, कमी न्हाई मंजे?"

"मंजे ह्याच्या खाली यायचं न्हाई. वर कितीबी जावा, त्याला बंदी न्हाई."

"आन् आमच्यातली बाई बी?"

"तुमच्यातली बी. पुढच्या ओळी वाच."

तिनं वाचल्या. मग टाक खाली ठेवून म्हणाली, "मग म्या होणार सरपंच." साहेब हसले नाहीत. "हो. मी हार घेऊन येतो," एवढं म्हणाले. मी त्या वेळी कागदाच्या कडा सरळ कापण्यात गुंतले होते. ते बोलणं माझ्याही कानावर पडलं आणि तसंच निघून गेलं.

ती पानं डकवायच्या दिवशी पंचशीला आलीच नाही. तिला बघायला देवणीकडचे पाहुणे आले होते. साहेबांना तर ती पानं संध्याकाळच्या आत लावून हवी होती. मी आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं खळ शिजवली, तीन काड्या वाया घालवून का होईना चूल पेटवली, आणि त्या पराक्रमाच्या नादात मोरचूद घालायची विसरले. रात्री अंथरुणावर आठवलं. सकाळी सांगावं असं ठरवलं आणि सकाळी सांगितलं नाही. पानं तर छान बसली होती. साहेबांनी पाठ थोपटली होती. कोण मरायला जातंय सांगायला, असं वाटलं.

देवणीकडच्या पाहुण्यांनी पंचशीलाला पसंत केलं आणि ती लातूर जिल्ह्यातल्या एका गावी सून म्हणून गेली. गावाचं नाव सांगत नाही, उगाच तिला ताप. गावातल्या सगळ्यांचे अर्ज ती लिहायची, बायकांचा बचत गट चालवायची, ग्रामसभेला पुढं बसायची. आणि दर पाच वर्षांनी, सरपंचपदाची सोडत निघाली की मला फोन करायची. सोडत म्हणजे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, कुठल्या गावाचं पद कुणासाठी राखीव. तिच्या गावची चिठ्ठी कधी कुणाची निघाली, कधी कुणाची. तिची काही निघेना. एकदा सर्वसाधारण महिला निघाली. तेव्हा तिनं विचारलं होतं, "ताई, बाईची तर हाय. उभी राहू का?" मी वकिली थाटात समजूत घातली. "कशाला उगाच गावाशी वैर घेतेस? थांब थोडी. आपली बारी येईल." ती "हाव" म्हणाली. त्या वेळी निवडून आलेल्या बाईला पाच वर्षांत कुणी कार्यालयात पाहिलं नाही. सही तिची, शिक्का नवऱ्याच्या खिशात.

या मधल्या काळात पुस्तक बदलतच राहिलं. शिक्षण मूलभूत हक्क झालं, एक-तृतीयांशाचं आमच्या राज्यात निम्मं झालं, दुरुस्त्यांनी शंभरी ओलांडली. साहेब गेले. जाण्याआधी त्यांनी पुस्तक माझ्याकडं पाठवलं. मी काही वर्षं इमानानं चिठ्ठ्या लावल्या, मग कंटाळले. आता सगळं मोबाइलवर मिळतं, ताजं आणि धुतलेलं. खाली आधी काय होतं ते बोटानं उचलून बघता येत नाही. पुस्तक कपाटात गेलं, वर जुन्या खटल्यांचे गठ्ठे बसले.

आणि या उन्हाळ्यात फोन आला. आवाजावरूनच कळलं.

"ताई, निघाली! आपली चिठ्ठी निघाली! अनुसूचित जाती महिला. माझ्या डोळ्यासमोर निघाली."

मला रडू आलं. तिला काय हवं विचारलं तर म्हणाली, "ते पान पायजे. माझ्या हातानं लिवलेलं. झेरॉक्स काढून ठिव. निवडून आले की पंचायतीच्या भिंतीला लावते बग मी. लोक मनतेत, चिठ्ठीनं आली बाई. त्यांनला दाखविते, ह्या बाईनं हे आधीच लिवून ठिवलं होतं."

मी गठ्ठे उतरवले. पुस्तक काढलं. पहिले भाग धडधाकट, मोरचुदीचे निळसर डाग जिथल्या तिथं. नववा भाग उघडला आणि हातात भुगा आला. कसरीनं बाकी कशाला तोंड लावलं नव्हतं. बरोबर तेवढीच पाच-सहा पानं, पंचशीलाच्या अक्षराची, आरपार खाल्लेली. 'ग्रामसभा' मधला सभा गेलेला. सरपंचपदाच्या ओळीच्या जागी तर बोट जाईल एवढं भोक. खालचं कोरं पान आणि त्यावरचं 'निरसित' तेवढं स्पष्ट दिसत होतं. मी फरशीवर बसून स्वतःला शिव्या घातल्या. साहेबांच्या भाषेत, उर्दूतल्यासुद्धा.

तिला कसं सांगावं या विचारात आठ-दहा दिवस घालवले. सांगायची वेळच आली नाही. काहीतरी नियम बदलला, आधीची सोडत रद्द झाली, नव्यानं चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. तिच्या गावची निघाली सर्वसाधारण. महिलाही नाही, अनुसूचितही नाही. हातातोंडाशी आलेला घास, आणि कुणाचा दोष म्हणाल तर कुणाचाच नाही. सगळं कायद्यात बसणारं. मी कागदपत्रं मागवली, आव्हान देता येतं का पाहिलं, रात्रंदिवस चडफडले. घटना लवचिक आहे म्हणून आम्ही भाषणात किती मिरवतो! ती वाकते हे खरंच आहे. पण ती वाकायला लागली की ओणवी होते ती नेमकी हिच्याच दारात का, आणि सरळ उभी राहते ती कुणाच्या ओसरीवर, हे भाषणात कुणी सांगत नाही. तिचं वय आता पन्नाशी ओलांडून गेलेलं. पुन्हा चिठ्ठी कधी निघायची? निघाली तर कोणता नियम बदलायचा?

पंचशीला स्वतःच आली. उदगीर, देगलूर करत तीन एसट्या बदलून, भर दुपारी. पिशवीत ज्वारीचे पापड आणि कागदात बांधलेली मोरचूद.

"कसरीनं खाल्लं ना?" ती म्हणाली. "तू फोनवर पानाचं नाव काढीना, तवाच कळलं मला. आन् त्या वर्षी बी कळलं होतं. दुसऱ्या दिशी डबी उघडून बगितली तर मोरचूद जशीच्या तशी."

"मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"तू बोलणी खाल्ली असतीस साहेबांची. आन् तू लई खुशीत होतीस, चूल पेटविली मनून."

मी तिला पुस्तक दाखवलं. तिनं भोकातून बोट घातलं, पलीकडून हलवून दाखवलं आणि हसली. मला हसू येईना. मी सोडतीबद्दल बोलायला लागले. कसा अन्याय झाला, कसं काही करता येत नाही, पुढच्या वेळेपर्यंत थांबणं कसं भाग आहे. माझं बोलणं चालू असताना ती स्वयंपाकघरात गेली, मैदा काढला, गॅसवर खळ ठेवली. मग तिथूनच, ढवळता ढवळता, सूर लावून म्हणायला लागली. एक-तृतीयांशाहून कमी नाही. सगळं पाठ. साहेबांच्या परसात वाचलं होतं तसंच, त्याच ठेक्यात. म्हणून झाल्यावर दारात येऊन उभी राहिली, हातात पळी.

"ताई, एक सांग. कमी न्हाई, असं लिवलंय. जास्त न्हाई, असं कुठं लिवलंय का?"

"नाही."

"सर्वसाधारण जागेवर आमच्यातल्या बाईनं उभं राहू नाई, असं हाय का कायद्यात?"

"नाही."

"तुला ठाव होतं का हे?"

मला ठाऊक होतं. कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेल्या पोरीलाही ठाऊक असतं. राखीव जागा ही खालची पायरी. वर जायला तिनं कुणाला अडवलेलं नाही. साहेबांनी माझ्यादेखत सांगितलं होतं. तरी तीस वर्षं सल्ला मागायला आलेल्या प्रत्येकीला मी एकच सांगत आले, थांब, तुझी चिठ्ठी निघू दे. आमच्या गावांत तसंच समजतात, सर्वसाधारण निघालं म्हणजे ते जमीनवाल्यांचं, तिथं आपण जायचं नसतं. मी शेतकरी घरातली, त्यांच्यातलीच. कायदा शिकून आले आणि गावाचीच समजूत कायद्याच्या आवाजात सांगत बसले. कसरीचं एक वेळ ठीक आहे, ती पिठाच्या वासानं आली.

"होतं," मी म्हणाले.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं गॅस बंद केला, पुडी सोडली, चिमूटभर मोरचूद खळीत टाकली, हात धुतले. मग माझ्याकडं बघून मान हलवली. मी उठून हात धुतले.

"पडले तर पडीन," ती म्हणाली. "फारम भरायला तू येशील?"

"येईन."

दुपारभर ती सरपंचपदाचं तेवढं पान लिहीत होती. अक्षर थोडं थरथरतं, बाकी तसंच. मी कडा कापल्या. वरच्या बाजूला खळ, खाली मोकळं. जुनी कुरतडलेली पानं मी काढून टाकायला निघाले, तर तिनं माझा हात धरला. "राहू दे. मिटवायचं न्हाई मनले होते ना साहेब?" म्हणून आता नवव्या भागात उचललं की खाली भोकं दिसतात, आणि भोकांखाली 'निरसित'.

ती संध्याकाळच्या एसटीनं गेली. मी तिला बसवून घरी आले. खळ वाळायची होती, पुस्तक उघडंच ठेवलं होतं. मी कपाटातून जुन्या डायऱ्या काढल्या, पक्षकारांची नावं असलेल्या. पंचायतीचा सल्ला विचारायला कोण कोण आलं होतं ते शोधायला लागले. कुणी इस्लापूरकडची, कुणी बिलोलीची, कुणी कुठली. प्रत्येकीच्या नावापुढं माझ्याच अक्षरात तेच, 'थांबायला सांगितले'. पहिला नंबर लावला. बराच वेळ वाजला. मग एका बाईनं उचलला, माझं नाव ऐकून तिला आधी ओळख पटेना, आणि पटली तेव्हा तिचा आवाज एकदम वर गेला.

"मॅडम! का ओ, आली का माझी बारी?"

"नाही आली," मी म्हणाले. "तरी ये. फॉर्म भरू."